अकरावं कार्ड

९ जून, गुरुवार

आले एकदाची बेटावर. बोट अर्धा तास उशिरा सुटली, पण समुद्र इतका निवांत होता की कॉफीचा कप हलला नाही. एगोननं धक्क्यापर्यंत गाडीनं सोडलं आणि निघताना ही वही हातात कोंबली. म्हणाला, बोदिल, बत्तीस वर्षं तू अख्ख्या गावाला पत्रं पोचवलीस, नवऱ्याला मात्र एक ओळ लिहिली नाहीस. आता निदान रोजचं यात लिही, आलीस की वाचीन. हा त्याचा टोमणा आमच्या लग्नाइतकाच जुना आहे.

शाळा छान आहे. पांढऱ्या भिंती, गवताचं छप्पर, मोठी बैठकीची खोली, तिला समुद्राकडे सहा खिडक्या. दोन आठवडे राहायचं, सकाळी गाणं म्हणायचं, मग शिकायचं आणि चारदा खायचं. आम्ही तेराजण आहोत, सगळे पेन्शनीतले. विषय एकच, आपल्या आठवणींच्या पुस्तकाची रचना कशी करायची. शिकवणारी अग्नेटे. साठीची असेल, हात उबदार, बोलणं हळू. तिनं पहिल्याच तासाला सांगितलं की इथे कुणी पुस्तक लिहिणार नाही, प्रत्येकजण आराखडा घेऊन घरी जाणार. लिहिणं सोपं असतं, म्हणे. काय कुठे ठेवायचं आणि काय ठेवायचंच नाही, तेच अवघड.

खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर गोणपाटाची चेटकीण बसवली आहे, अजून पोकळ. तेवीस तारखेला संत हान्सच्या, म्हणजे भर उन्हाळ्याच्या सणाच्या, शेकोटीवर चढवून तिला जाळायचं आणि कोर्स संपवायचा. किनाऱ्यावर फांद्या, मोडकी कुंपणं, नाताळची वाळलेली झाडं रचायला सुरुवातही झाली आहे. चेटकिणीला कपडे आम्ही द्यायचे. मी माझा पोस्टाचा लाल कोट दिला. एगोन तो टाकून दे म्हणून मागेच लागला होता.

मी सगळ्यांना सांगितलं की मला माझ्या पत्रं वाटायच्या रस्त्याबद्दल लिहायचं आहे. खरं कारण इथे लिहिते. मला सिसेलबद्दल लिहायचं आहे. माझी मुलगी. नऊ वर्षांची होती, फेब्रुवारीत खाडीवरचा बर्फ फुटला आणि गेली. तेवीस वर्षं झाली. एगोन आणि मी गेलो की तिला ओळखणारं जगात कुणी उरणार नाही, हा विचार मला आताशा सहन होत नाही. म्हणून आले.

१० जून, शुक्रवार

आज कार्डं लिहिली. पद्धत साधी आहे. एका कार्डावर एकच आठवण, चार-पाच ओळींत. प्रत्येकाची एक दोरी आहे, खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत ताणलेली, तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं लावायची. दोरीच्या शेवटी अग्नेटेनं स्वतः एकेक कोरं कार्ड लावलं. शेवट लिहिणाऱ्यानं लिहायचा नसतो, म्हणाली, रचना नीट झाली की तो आपोआप येतो.

माझी एकशेबारा झाली. अक्षर पाहून पत्र कुणाचं ते ओळखण्यात आणि गठ्ठे लावण्यात माझा हात कुणी धरला नव्हता, अजूनही धरणार नाही. प्रेबेन म्हणून एक दूधडेअरीतला निवृत्त माणूस माझ्या शेजारच्या दोरीवर आहे. त्याची अजून वीससुद्धा झाली नाहीत, कारण तो लिहायचं सोडून बायकोबद्दल बोलत बसतो. कार्ला दोन वर्षांपूर्वी गेली. तिची अंगठी त्यानं गळ्यात दोऱ्यात घातली आहे. कार्ला बटाटे जाड सोलायची, कार्ला गाडीत बसली की झोपायची. सगळ्या टेबलाला कार्ला पाठ झाली.

सिसेलची अकरा कार्डं झाली. अकरावं त्या सकाळचं. मी सायकल काढत होते आणि ती दारात उभी राहून मला एक वाक्य म्हणाली. ते मी एगोनलाही सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा कार्डावर उतरवलं आणि हात थरथरला. इथे लिहिणार नाही. एगोन वाचेल.

१२ जून, रविवार

अग्नेटे म्हणाली की रोजनिशा आणल्या असतील तर त्याही कार्डांवर उतरवा आणि वह्या कपाटात जमा करा. दोन-तीन जणींनी दिल्या. मी गप्प बसले. नवऱ्यानं दिलेली वही मी का द्यावी? गादीखाली ठेवली आहे.

जेवायला नवे बटाटे आणि हेरिंग मासे. स्वयंपाकघर रिग्मोर सांभाळते. हसरी आहे, पाव उत्तम भाजते. मी विचारलं, तू मूळची कुठली? तर हसली आणि म्हणाली, इथलीच असेन. अकरा वर्षांपूर्वी तीही हाच कोर्स करायला आली होती म्हणे, आणि राहिली.

१३ जून, सोमवार

आजचा दिवस कठीण गेला. प्रत्येकानं आपल्या पुस्तकाचा एक प्रश्न लाल कार्डावर लिहून दोरीच्या सुरुवातीला लावायचा होता. जे कार्ड त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही ते काढून चेटकिणीच्या पोटात. तिला भरायला पेंढा वापरतच नाहीत इथे. आणि जे ठेवायचं ते उभं राहून सर्वांसमोर मोठ्यानं वाचायचं.

मी लिहिलं, 'बत्तीस वर्षं मी एकाच रस्त्यानं का चालले?' सिसेलचं नाव लिहायला मला सुचलं नाही असं नाही. धीर झाला नाही.

अग्नेटे माझ्या दोरीपाशी बराच वेळ उभी होती. म्हणाली, बघ, मध्ये दोरी लोंबते आहे. खरंच लोंबत होती, नेमकी त्या अकरा कार्डांपाशी. म्हणाली, ज्याबद्दल माणसाला बोलता येत नाही ते पुस्तकाचा कणा होऊ शकत नाही. हे तुझं दुसरं पुस्तक आहे बोदिल, पुढे कधीतरी लिही. पण तू ठरव. नाहीतर वाच.

मी अकरावं कार्ड हातात घेऊन उभी राहिले. बाकीचे बाराजण बघत होते. तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. मग मी ते काढलं, चालत गेले आणि गोणपाटात टाकलं. लाज वाटली. खाली बसल्यावर मात्र खूप हलकं वाटलं, तेही लिहायला हवं.

१४ जून, मंगळवार

इतकी गाढ झोपले की सकाळच्या गाण्याची घंटा ऐकू आली नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. एरवी पहाटे चारला जाग येते आणि छताकडे बघत पडते. कशामुळे येते ते मला आज आठवलं नाही, आणि आठवायची गरजही वाटली नाही.

मग काम सपाट्यानं झालं. मधली दहा कार्डं आता अधांतरी दिसत होती. एका मुलीचे निळे मोजे, घसरगाडी, सायकलच्या घंटीवर बसलेली माशी. छान आहेत, पण माझ्या रस्त्याशी त्यांचा काय संबंध? दुपारपर्यंत दहाही काढली. दोरी सरळ झाली. अग्नेटेनं सर्वांना बोलावून दाखवलं आणि मला शाळकरी पोरीसारखा अभिमान वाटला.

प्रेबेनचंही पुढे सरकलं. दुपारच्या कॉफीला आज त्यानं फक्त गाईंबद्दल सांगितलं. सगळ्यांना बरं वाटलं.

१६ जून, गुरुवार

एकोणनव्वद कार्डं उरली. बालपण काढलं, कारण पोस्टात लागायच्या आधीचं काहीच लागत नाही. आईही काढली. आई म्हणून काहीतरी तीन कार्डं होती एवढं लक्षात आहे.

संध्याकाळी जुन्या विद्यार्थ्यांची पुस्तकं पाहिली. कपाटभर आहेत, सगळी बारीक, साठ-सत्तर पानांची. किती नेटकी! एक शब्द जास्त नाही. रिग्मोरचंही आहे, पाव भाजण्याबद्दल. त्यात रिग्मोरखेरीज एकही माणूस नाही.

प्रेबेननं मला गळ्यातली अंगठी दाखवली आणि विचारलं, ही कुणाची असेल गं? बायकी दिसते. मला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय, म्हणून मीही म्हटलं, माझी असेल, दे इकडे. तर त्यानं खरंच दोरा तोडून माझ्या हातात दिली. हसू आलं, पण अंगठी परत देताना तो घेईना. म्हणाला, ठेव, मला टोचते.

मला आठवतं त्याला बायको होती. तिचं नाव मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली, शेजाऱ्याचं नाव ऐकल्यावर हलवतात तशी.

१८ जून, शनिवार

सगळ्यांत नीट रचना माझी ठरली. संत हान्सला शेकोटीपुढचं भाषण दरवर्षी सर्वांत चांगल्या आराखड्याचा धनी करतो, यंदा मी. आवडलं मला. चौसष्ट कार्डं.

ढीग आता तीन माणसं उंच झाला आहे. रिग्मोर सांगत होती की पेटवण्याआधी काठ्या घेऊन सगळेजण त्याला तीन फेऱ्या घालतात आणि बुंधा ढोसून बघतात. फांद्यांखाली ससे घरं करतात, पाखरं बसतात. एकदा सशांची पिल्लं जळाली, तेव्हापासून ही पद्धत पडली. बेटावरची माणसं मनानं मऊ आहेत.

चेटकिणीचं पोट आज शिवून टाकलं. ते फार फुगलं म्हणून तळातली काही कार्डं अग्नेटेनं कोटाच्या अस्तरात शिवली, उरलेली आता बाह्यांतून भरतात. माझा लाल कोट तिला इतका ठीक बसला आहे की खांदे अगदी माझे वाटतात.

२१ जून, मंगळवार

सकाळी फोन आला. एगोन. नाव सांगितल्यावर ओळखलं. तो म्हणाला, झेंडा चढवलाय, स्ट्रॉबेरीचा केक आणलाय, तू नाहीस म्हणून चुकल्यासारखं होतंय. झेंडा आपल्याकडे वाढदिवसालाच चढवतात, म्हणून मी विचारलं, कुणाचा वाढदिवस? तो म्हणाला, असं काय करतेस, सिसेलचा. तेहतीस झाली असती.

मी विचारलं, कोण सिसेल?

मला वाटलं शेजाऱ्यांची कुणी मुलगी असेल, म्हणून म्हटलं, माझ्याकडूनही शुभेच्छा सांग. मग एक विचित्र आवाज आला. तो रडत होता, की लाइन खराब होती, कळलं नाही. फोन तुटला. परत लावावा म्हटलं, तर घरचा नंबर आठवेना.

२१ जून, संध्याकाळ

ही वही पहिल्यापासून वाचली. अक्षर माझं आहे.

माझी मुलगी. नऊ वर्षांची. बर्फ.

हे मी लिहिलं आहे, आणि वाचताना मला दुसऱ्याच्या घरचं पत्र फोडून वाचल्यासारखं वाटतं. चेहरा आठवायचा प्रयत्न केला. चेहरा नाही. आवाज नाही. केस कसे होते? मी आई आहे आणि मला पोरीच्या केसांचा रंग माहीत नाही. रडूही येत नाही. रडायला माणूस लागतं.

घराचं दार कुठल्या रंगाचं आहे? एगोनचा चेहरा—

मी घाबरले आहे.

२२ जून, बुधवार

अग्नेटेकडे गेले. ती दचकली नाही. माझे हात धरून बसली आणि म्हणाली, हे सगळ्यांना होतं, दोन दिवसांत निवतं. तू आता झोपतेस ना? दुःख कुठे ठेवलं होतं तेच विसरलं की दुःख उरत नाही, आणि पुस्तकही चांगलं होतं. मी कार्डं परत मागितली. म्हणाली, रचनेतून काढलेलं परत लावलं की दोरी तुटते. शिवाय चेटकीण कालच ढिगावर चढवली.

परतीची बोट कधी ते विचारलं. शुक्रवारी, शेकोटीनंतर.

माझ्या दोरीवर चौसष्ट होती. वहीत लिहिलं आहे. आज एकोणचाळीस. मी काढली? कधी?

प्रेबेनला हाक मारली. त्यानं नमस्कार केला आणि मी कोर्सला नवीन आले का, असं विचारलं.

रिग्मोरला भांडी घासताना गाठलं. म्हटलं, तुझं घरी कोण आहे? म्हणाली, असेल की कुणीतरी, असायचंच. मग हात पुसले आणि हळूच सांगितलं. तिच्या कोर्सनंतर दुसऱ्या सकाळी राखेत तिला तिचं एक कार्ड सापडलं होतं, अर्धं जळालेलं. त्यात एक कुत्रा होता. म्हणाली, कार्ड हातात होतं तोवर तो माझा कुत्रा होता, त्याच्या कानांचा वाससुद्धा येत होता. खाली ठेवलं आणि गेला. परत उचलीपर्यंत वाऱ्यानं तुकडे झाले होते. तू ते लिहून का नाही ठेवलंस, मी विचारलं. म्हणाली, कशात लिहिणार? वही अग्नेटेच्या कपाटात.

माझी वही माझ्याकडे आहे.

२३ जून, दुपार

शेकोटी नऊला. पाचला सगळे जेवायला बसतील, मग भाषणं, गाणी. चेटकीण चढवायला लावलेली शिडी मागच्या बाजूला तशीच आहे. स्वयंपाकघरातली सुरी घेतली.

कार्ड हातात धरायचं, वहीत उतरवायचं, पुढचं घ्यायचं. मग जळू देत. वही एगोनला द्यायची. तो मला वाचून दाखवेल, रोज, पाठ होईपर्यंत. एवढंच करायचं आहे.

अकरा हवीत. दहा नाही चालणार. दारात ती काय म्हणाली ते मी इथे लिहिलं नाही. का नाही लिहिलं मी! जगात ते एकाच ठिकाणी आहे.

२३ जून, ढिगावर

पोहोचले. वारा आहे. ऊन आहे अजून, लख्ख. पोट फाडलं. तेराजणांची कार्डं, शेकड्यांनी, पण अक्षर पाहून ओळखते मी. बत्तीस वर्षांची सवय. उडू नयेत म्हणून कोट काढून अंगात घातला, खिसे भरले. गोणपाट रिकामं होऊन मागे घसरलं.

पहिलं मिळालं. निळे मोजे.

देवा. सिसेल.

केस पिवळे होते. पावसात भिजले की तपकिरी. निळे मोजे तिला इतके आवडायचे की झोपतानाही घालायची आणि मी धुवायला काढले तर दोरीखाली उभी राहून वाळायची वाट बघायची. लिहिलं. लिहिलं आहे.

पुढचं. माझ्या सायकलच्या घंटीवर माशी बसली आणि तिनं मला अर्धा तास सायकल हलवू दिली नाही. पत्रं उशिरा पोचली. लोक रागावले, मी पोस्टात कारण सांगितलं आणि साहेब हसले.

दात पडला तो तिनं पाकिटात घालून आजीला पोस्टानं पाठवला. आजी— माझी आई! तीही मिळाली, तिचं हसणं मिळालं. तिकीट सिसेलनं स्वतः चाटून लावलं होतं.

शिट्टी वाजवता यायची नाही. तोंडानं 'शिट्टी' म्हणायची.

एगोनच्या खांद्यावर बसून झेंडा चढवताना. सहावा वाढदिवस. एगोनला गालावर खळी आहे. दार हिरवं आहे आमचं.

मी रडते आहे. आता येतंय रडू. किती बरं वाटतंय.

सात झाली. घसरगाडी. गोवर. पलंगाखाली लपवलेला पाव. दहा. दहा झाली.

अकरावं नाही.

ते सर्वांत आधी टाकलं होतं. सर्वांत तळाशी असणार. पोटात नाही— गोणपाट मागे पडलंय, त्यात काही उरलं का— पोहोचत नाही हात—

गाणं ऐकू येतंय. आले सगळे. हातांत झेंडे.

काठ्या घेऊन फिरताहेत. ढोसताहेत खाली. ससे बघतात. वर कुणी बघत नाही.

ओरडले. प्रेबेननं वर पाहिलं. हात हलवला, लहान मुलांना करतात तसा. बाकीच्यांनीही हलवले. चेटकिणीच्या कपड्यांतली बाई ढिगावर दरवर्षीच असते.

अग्नेटेही बघते आहे. ती ओळखते. हसली. माझ्या दोरीचं शेवटचं कार्ड तिच्या हातात आहे, त्यावर आता काहीतरी लिहिलेलं आहे. इथून वाचता येत नाही.

शिडी नाही. नेली.

उडी मारता येईल. पाय मोडेल, मोडू दे. मारते. फक्त एकदा अस्तर बघते, डाव्या बाहीचं, तिथे काहीतरी कडक—

मशाल प्रेबेनकडे. सर्वांत वडील म्हणून.

धूर. खालून. अस्तराची शिवण निघत नाही. सुरी पडली. दातांनी—

अक्षर माझं. थरथरलेलं. हेच.

सकाळ. सायकल. ती दारात, निळे मोजे, एक पाय दुसऱ्यावर. ऐकू येतंय मला, तिचा आवाज, अगदी जवळ— एगोन, लिहिते आहे, वही लांब फेकीन, समुद्राकडे, तू शोध— ती म्हणाली, आई, आज तू